अर्ध्यावरून परत

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "पंधरा मिनिटं बोल. अमेरिकेतलं काहीतरी सांग. पण व्हिसा नको, तिकडची निवडणूक नको, आणि तिकडे रस्ते किती स्वच्छ असतात हे तर अजिबात नको." म्हटलं, मग उरलं काय? बर्फ उरला. तेव्हा आज बर्फावर बोलतो. मात्र शेवटी एक कबुलीजबाब आहे, आणि तो समोर पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या सरांसाठी आहे. सर, तुम्ही तेवढ्यासाठी जागे राहा. बाकीच्यांनी जेवण भरपूर झालं असेल तर खुशाल डुलक्या घ्याव्यात.

२०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या वर्गातले आम्ही चौघे अमेरिकेच्या पश्चिमेला युटा राज्यात स्कीइंगला गेलो होतो. निमित्त दोन होती. एक म्हणजे आम्हा सगळ्यांना पन्नास पूर्ण होत होती. दुसरं म्हणजे आपल्या साताऱ्यातच राहिलेल्या, पोवई नाक्याजवळ दुकान असलेल्या मित्राची मुलगी सॉल्ट लेक सिटीत एम.एस. करते, आणि तो तिला भेटायला पहिल्यांदाच अमेरिकेत येणार होता. मी न्यू जर्सीत, एक सिएटलला, एक डॅलसला. म्हटलं, आता हा येतोच आहे तर आपणही तिकडेच जमू. नावं घेत नाही. तिघेही याच सभागृहात आहेत. सिएटलचा म्हणजे गॅदरिंगला कायम शिवाजी महाराज होणारा. डॅलसचा म्हणजे वर्गात पाल दिसली की बाकावर उभा राहणारा. हसलात म्हणजे ओळखलंत. हे दोघे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मी घरी आईला फोन करून सांगितलं, "पावडर स्कीइंगला चाललोय." ती म्हणाली, "तिकडे अंगाला पावडर लावून जातात का?" तिचंही चुकलं नाही. आपल्याकडे पावडर दोनच कामांना लागते. अंघोळीनंतर अंगाला आणि गणपतीत कॅरमबोर्डाला. पण कॅरम खेळलेल्या माणसाला ही तिसरी पावडर लगेच कळेल. कोऱ्या बोर्डावर स्ट्रायकर अडखळतो आणि चिमूटभर पावडर टाकली की सळसळत जातो. नुकत्याच पडलेल्या, कोरड्या, कोणाचा पाय न लागलेल्या भुसभुशीत बर्फाला तिकडे पावडर म्हणतात. मुठीत घेतला तर त्याचा गोळा होत नाही. फुंकर मारली तर उडतो.

आमच्या न्यू जर्सीजवळ हे सुख नाही. दोन तासांवर पेनसिल्व्हेनियात पोकोनो नावाचे डोंगर आहेत. तिथला निम्माअधिक बर्फ यंत्राने फवारलेला. दुपारी तो वितळतो, रात्री गोठतो आणि सकाळी त्याची शहाबादी फरशी होते. मी बारा वर्षं त्या फरशीवर स्कीइंग शिकलो, म्हणजे मुख्यतः पडायला शिकलो. त्यामुळे पूर्वेकडच्या प्रत्येक स्की करणाऱ्याच्या मनात एक पंढरी असते, आणि ती पश्चिमेला असते.

आमची पंढरी आल्टा. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावरून निघालं की तासाभरात लिटल कॉटनवुड कॅनियन नावाच्या अरुंद दरीतून गाडी वर चढते आणि वॉसॅच पर्वताच्या कुशीत आल्टाला पोचते. नुसता पायथाच २६०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे तिथे गाडीतून उतरल्या उतरल्या आपण कळसूबाईच्या जवळजवळ एक किलोमीटर वर उभे असतो. पहिल्या रात्री चौघांचीही डोकी ठणकत होती. साताऱ्याच्या मित्राने कंदी पेढे आणि मेतकूट आणलं होतं, तेव्हा भात लावायला घेतला. उघड्या पातेल्यात तो शिजेचना. तेवढ्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. भौतिकशास्त्राच्या तासाला हा धडा आपण पाठ केला होता. तो खरा असतो हे मला पन्नासाव्या वर्षी अर्धाकच्चा भात खाताना पटलं.

तिथला बर्फ इतका हलका का, याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला सोपं आहे. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि पुढे माणकडे जाईपर्यंत ढग रिकामे होतात, हे आपण लहानपणापासून बघतो. तिकडे प्रशांत महासागरावरून येणारे ढग आधी कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतावर पुष्कळसं पाणी टाकून येतात, मग नेवाडाचं वाळवंट ओलांडतात. कॅलिफोर्नियात पडतो तो जड, ओला बर्फ. युटात पोचतो तो थंड आणि कोरडा. तिथे वॉसॅचची भिंत त्या ढगांना पुन्हा एकदम वर उचलते आणि ते बरसतात. आल्टाच्या ताज्या बर्फात शंभर भागांत जेमतेम आठ-नऊ भाग पाणी असतं, बाकी सगळी हवा. वर्षाला सरासरी पाचशे इंचांहून जास्त बर्फ पडतो. आम्ही गेलो त्या हंगामात तर ९०३ इंच पडला. आल्टाचा तो विक्रम आहे. पंचाहत्तर फूट! आपल्या शाळेची इमारत त्यात कुठल्या कुठे गडप होईल.

पहिल्या दिवशी आम्ही शिकवणी घेतली, कारण फरशीवरची विद्या भुशात चालत नाही. फरशीवर स्कीची कड रुतवून वळायचं असतं. भुशात कड रुतायला खाली काही नसतंच. घाबरून माणूस मागे रेलतो, मांड्या पेटतात, आणि दहा वळणांत तो आडवा होतो. आमच्या शिक्षिका साठीच्या पुढच्या. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दोन्ही पाय जवळ ठेवून एकाच पायासारखे वापरा. वजन मधोमध ठेवा. आणि पायांकडे बघू नका, ते दिसणार नाहीतच, उताराकडे बघा. मग ताल धरायचा, खाली-वर, खाली-वर. मला एकदम पंधरा ऑगस्टचं लेझीम आठवलं. मनात ‘एक-दोन-तीन-चार’ सुरू केलं आणि काय सांगू, पंधरावीस वळणं अशी लागली की पायाखाली काही आहे असं वाटेना. आवाज नाही, खरखर नाही. गुडघ्यांवरून बर्फाचा धूर उडतोय आणि आपण तरंगतोय. एकविसाव्या वळणाला मी डोक्यावर आपटलो, आणि लागलं मात्र काहीच नाही. फक्त एक स्की सुटून भुशात बुडाली. चौघांनी मिळून काठीने भोसकत ती चाळीस मिनिटं शोधली. साताऱ्याचा मित्र नवशिक्यांच्या उतारावरची शिकवणी संपवून मदतीला आला होता. म्हणाला, "तू गणिताचं पुस्तकही असंच हरवायचास."

दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि आम्ही लॉजमध्ये कोंडले गेलो. कोंडले गेलो हे शब्दशः घ्या. आल्टात हिमकडे कोसळण्याचा धोका वाढला की गावाचा हुकूम निघतो, ‘इंटरलॉज’. रस्ता बंद, आणि इमारतीबाहेर पाऊल टाकायलाही कायद्याने बंदी. त्यामागे इतिहास आहे. १८७० च्या दशकात इथे चांदीच्या खाणी होत्या. खाणींच्या आधारासाठी आणि जळणासाठी डोंगरावरची झाडं तोडली, उतार उघडे पडले, आणि हिमस्खलनांत पुष्कळ माणसं गाडली गेली. पुढे चांदीचा भाव गेला आणि गाव ओस पडलं. १९३९ च्या जानेवारीत खाणीच्या जुन्या रोपवेचे भाग वापरून तिथे स्कीसाठी पहिली खुर्च्यांची लिफ्ट सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे अमेरिकेतलं हिमस्खलनाचं शास्त्र उभं राहिलं. माणसं खाली नसताना लष्करी तोफांनी बर्फ मुद्दाम पाडायचा, ही पद्धत तिथे रुजली. आम्हीही त्या रात्री धडाम-धडाम आवाज ऐकत मेंढीकोट खेळत होतो. खिडकीबाहेर पांढऱ्यावर पांढरं पडत होतं. तेहतीस वर्षांनंतर आम्ही चौघे सलग चोवीस तास एका खोलीत होतो. कोणाचे वडील गेले, कोणाचं घर मोडता मोडता वाचलं, कोणाची नोकरी गेली आणि त्याने सहा महिने घरी सांगितलंच नाही, हे सगळं त्या रात्री निघालं. फोनवर हे निघत नाही. त्यासाठी बाहेरून कडी लागावी लागते.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. निळं आभाळ आणि दोन-अडीच फूट नवा बर्फ. आता खरी गोष्ट सुरू होते.

लिफ्टच्या हद्दीतला बर्फ सकाळच्या दोन तासांत सगळे मिळून तुडवून टाकतात. कोरा बर्फ हवा तर हद्दीबाहेर जायचं. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून डोंगर चढायचा आणि दुसरीकडून उतरायचं. सिएटलच्या मित्राला त्याचा दहा वर्षांचा अनुभव. त्याने हिमस्खलनाचा अभ्यासक्रमही केलेला. त्याने आम्हा दोघांसाठी भाड्याने सामान घेतलं होतं. गळ्यात बीकन म्हणजे गाडलं गेल्यावर ठिकाण कळवणारं यंत्र, पाठीवर दुमडणारी लांब सळई आणि फावडं. ते कसं वापरायचं हे त्याने अर्धा दिवस शिकवलंही. त्याने सांगितलेलं मला आजही पाठ आहे. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुतेक वेळा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. कोसळून थांबलेला तोच भुसभुशीत बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, बोट हलवता येत नाही. आणि अशा अपघातांत दहापैकी नऊ वेळा कडा त्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने मोडलेला असतो. डोंगर आपणहून अंगावर येत नाही, आपण त्याच्या अंगावर जातो.

त्या दिवशीचा धोक्याचा अंदाज पाचपैकी तिसऱ्या पायरीचा होता. चौथी-पाचवी असती तर आम्ही गेलोच नसतो. तिसरी पायरी फसवी असते. तेव्हा माणूस म्हणतो, "जरा सांभाळून जाऊ."

साताऱ्याचा मित्र लॉजवर थांबला. आम्ही तिघे दीड तास चढलो. माथ्यावरून समोर जो उतार दिसला, तसा मी आयुष्यात पाहिला नव्हता. एक रेघ नाही, एक पाऊल नाही. नव्या वहीचं पहिलं पान. उताराचा कोन असेल पस्तीस अंश. इथेच गंमत आहे. हिमकडा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सगळ्यात जास्त कोसळतो, आणि स्की करायला मजाही त्याच उतारावर येते.

सिएटलचा मित्र पट्ट्या काढून कडेला सरकला. त्याच्या स्कीच्या टोकापासून बर्फात एक भेग निघाली आणि सुर्रकन सात-आठ फूट पळत गेली. रांगोळीवर फरशी ठेवली आणि ती हलली तर कशी सरकेल, तसं ते होतं. वाऱ्याने दाबून बसवलेला वरचा थर खालच्याला नीट धरून नव्हता. अशी भेग म्हणजे डोंगराने दिलेली स्पष्ट सूचना, हे त्यानेच आदल्या दिवशी शिकवलं होतं.

मी ती भेग पाहिली. त्यानेही पाहिली. आणि मित्रांनो, आम्ही दोघेही काही बोललो नाही.

मी का बोललो नाही, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. मी तीन हजार किलोमीटर विमानाने आलो होतो. दीड तास चढलो होतो. दोन दिवसांनी परत जायचं होतं, असा बर्फ पुन्हा कधी मिळणार? ज्याला कळतं तो पुढे आहे, तो बघून घेईल. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे ज्यांच्यासमोर मी चड्डीत वाढलो त्यांच्यासमोर "मला नको" म्हणायची लाज. अनोळखी लोकांत असतो तर कदाचित म्हणालो असतो. सिएटलच्या मित्राने मग सांगितलं, त्याच्या मनात हेच होतं, फक्त उलट: "तुम्ही एवढ्या लांबून आलात, मी कसा नाही म्हणू?" म्हणजे मी त्याच्यावर भार टाकला होता आणि तो आमच्यासाठी ओढत होता.

बोलला तो डॅलसचा. पालीला घाबरणारा. म्हणाला, "मला भीती वाटतेय. मी उतरणार नाही. आणि तुम्हीही उतरू नका."

आता माझी लाज सांगतो. मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, "तू अजून बाकावरच उभा आहेस!" तो काही बोलला नाही. त्याने पट्ट्या पुन्हा स्कीला चिकटवल्या आणि आल्या वाटेने तोंड फिरवलं. एकट्याला सोडायचं नाही असा नियम, म्हणून आम्हीही वळलो. खाली येईपर्यंत तासभर मी त्याच्याशी शब्द बोललो नाही.

लॉजवर परत आलो तर साताऱ्याचा मित्र चहा करून बसलेला. सगळं ऐकलं, डॅलसवाल्याच्या हातात पेढा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "अरे, वासोट्याला सरांनी हेच केलं होतं की."

सर, आता तुमचा भाग.

१९८६ चा डिसेंबर, आपण नववीत. शाळेची सहल वासोट्याला. एस.टी. कासच्या चढावर बंद पडली, दोन तास तिथेच गेले. बामणोलीला लाँच उशिरा मिळाली. पलीकडे उतरून जंगलातून चढायला लागलो. वर नागेश्वरची वाट फुटते तिथे आलो. तिथून माथा अर्ध्या तासावर. सरांनी घड्याळ बघितलं. सव्वातीन. आम्हाला थांबवलं, मोजलं, बेचाळीस. आणि म्हणाले, "इथून परत."

आम्ही रडकुंडीला आलो. विनवण्या केल्या. सिएटलवाल्याने तर "मावळे मागे फिरत नाहीत" असं भाषण केलं. सर हसले नाहीत, चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "किल्ला कुठे जात नाही." खाली आणलं, लाँचमध्ये पुन्हा मोजलं, एस.टी.त पुन्हा मोजलं. प्रत्येक वेळी बेचाळीस. दिवेलागण झाली तेव्हा आपण धरणाच्या पाण्यावर होतो आणि मागे जंगल काळं झालं होतं. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे फुगून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत ‘अर्धवटराव’ लिहिलं होतं. तेव्हा पाध्यांचा तो बाहुला टीव्हीमुळे घरोघरी माहीत. नाव सरांना चिकटलं. आपल्यानंतरच्या तुकड्याही सरांना त्याच नावाने ओळखत, हे मला पुढे धाकट्या भावाकडून कळलं. ते फळ्यावर मी लिहिलं होतं. छत्तीस वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी आल्टात सांगितलं, आज इथे सांगतो.

इयन मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांचा अभ्यास केला. बर्फाचं प्रशिक्षण घेतलेली माणसंसुद्धा, धोक्याच्या खुणा डोळ्यांसमोर असताना, पुढे का गेली, हा त्याचा प्रश्न होता. त्याने काढलेली कारणं वाचली आणि मला वाटलं, हा माणूस त्या दिवशी आमच्या मागे उभा होता. जागा ओळखीची वाटते. एकदा ठरवलंय ते पार पाडायचं असतं. बरोबरच्यांच्या नजरेत उतरायचं नसतं. पुढारी जाणकार आहे असं धरून चालतो. कोरा बर्फ दुसऱ्याच्या हाती लागण्याआधी हवा असतो. यातलं एकही कारण बर्फाचं नाही. सगळी माणसांची आहेत. ती वासोट्याच्या वाटेवरही होती. फरक इतकाच की तिथे सर होते.

तुम्ही विचाराल, मग तो उतार कोसळला का? माहीत नाही. आम्ही गेलो नाही, दुसऱ्या दिवशी विमान पकडलं. कदाचित काही झालं नसतं, आणि आज मी तुम्हाला त्या उताराची फुशारकी सांगत असतो. वासोट्यालाही कदाचित काही झालं नसतं. मागे फिरणाऱ्याला आपण बरोबर होतो हे कधीच सिद्ध करता येत नाही. त्याच्या वाट्याला कौतुक येत नाही, टोपणनाव येतं. ज्याने बेचाळीस मुलं बेचाळीस घरी पोचवली, त्याच्या नावावर काय जमा होतं? काही झालं नाही, एवढंच. पण आज या सभागृहात आपण जे बसलो आहोत, मुलंबाळं, नातवंडं घेऊन, ते त्या ‘काही झालं नाही’मधूनच आलो आहोत.

डॅलसवाल्याची माफी मी त्याच रात्री मागितली. तो म्हणाला, "मला पालीची भीती अजून वाटते. पण भीती वाटते हे सांगायची भीती गेली." त्याच्याइतका धीट माणूस मी पाहिला नाही.

सर, तुमची माफी मागायला सदतीस वर्षं लागली. ते नाव मी ठेवलं होतं, आज मी मागे घेतो. संयोजकांना एक विनंती केली आहे, ती त्यांनी मान्य केली. उद्या सकाळी सहाला गाडी वासोट्याला निघेल. सर, गुडघ्यांमुळे तुम्हाला चढणं जमणार नाही हे आम्हाला माहीत आहे. तुम्ही बामणोलीला पाण्याच्या काठी खुर्ची टाकून बसा. आम्ही जमेल तितकं वर जाऊ. पण वेळ तुम्ही ठरवायची आणि संध्याकाळी लाँचमधून उतरताना आम्हाला तुम्हीच मोजायचं.